दोघांत एक नाक

आमच्या घरात माणसं दोन आणि नाक एकच, ते माझं. श्रीधरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मागे मोठा ताप आला आणि जाताना तो त्याचा वास घेऊन गेला. चव थोडीफार परतली, वास मात्र परतला नाही. तेव्हापासून दूध करपलं, मोगरा फुलला, शेजारी कुणी मेथी फोडणीला टाकली, हे सगळं मी सांगायचं आणि त्याने डोळे मिटून ऐकायचं. सुरुवातीला मी नुसतं नाव सांगून मोकळी व्हायचे. मग तो विचारायला लागला, "म्हणजे कसा?" भिजलेल्या गोणपाटाचा वास कसा असतो हे कुणाला एकदा सांगून बघा, म्हणजे माझी पंचाईत कळेल.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली. आतल्या खुर्च्या काढून पलंग, कपाट, पाण्याची टाकी आणि छोटा ओटा बसवला. गाडीच्या मागच्या अंगाला सिलिंडरसाठी बंद खण, त्याला खाली जाळी, तिथून तांब्याची नळी फरशीखालून ओट्यापर्यंत. काम एवढं नेटकं की बघायला आलेले लोक नळीवरून हात फिरवायचे. नाशिकहून आम्ही दोन सहली मजेत केल्या. तिसरीला एकदा मी आंघोळीहून परतले, तर दार लावून हा आत पेपर वाचत बसलेला, शेगडीवरची ज्योत वाऱ्याने विझलेली आणि गाडीभर गॅस. त्याला पत्ताच नव्हता. मला बघून तो हसलासुद्धा. ते हसू अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मुलगा म्हणाला, गाडी विकून टाका. माझंही तेच मत झालं. श्रीधर वाद घालत नाही, हा त्याचा सगळ्यात त्रासदायक गुण आहे. त्याने गुपचूप गाडीच्या बाहेरच्या अंगाला, दाराशेजारी, गॅसचा एक कॉक बसवला आणि अंगणात मांडायची दोन बर्नरची घडीची शेगडी आणली. स्वयंपाक बाहेर, मोकळ्या हवेत. आत ज्योतच नको. मी अट घातली. ही एक सहल करायची, आणि बाहेरची शेगडी मला एकदाही न घाबरवता चालली तर गाडी राहील. घाबरले, तर परतल्यावर विकायची. तो "बरं" म्हणाला, इतक्या हळू की मला वाईट वाटलं. पण अट मी मागे घेतली नाही.

कासा

जव्हार मागे टाकून आम्ही खाली उतरत गेलो तशी हवा मऊ होत गेली. आमच्याकडे डिसेंबरची थंडी कशी अंगावर येते, इथली नुसती शेजारी येऊन बसते. कापलेल्या भाताच्या रानात खुंट उरले होते आणि त्यांच्यामधून धूर की धुकं असं काहीतरी जमिनीलगत चाललं होतं. ताडाच्या शेंड्यांना मडकी बांधलेली. लांबवर महालक्ष्मीचा सुळका दिसला, मग वळणाने लपला, मग भलत्याच बाजूला दिसला. गाडी पुढे जात होती की तो सुळका आमच्याभोवती फिरत होता, हे मला त्या अर्ध्या झोपेत कळेना.

कासाच्या बाजारात थांबलो. पाड्यांवर जाणाऱ्या जीपगाड्या माणसांनी, कोंबड्यांनी आणि सामानाने भरून उभ्या होत्या. एका बाईकडून करांदे, म्हणजे रानातले कंद, घेतले. ते कसे खायचे म्हणून विचारलं तर तिने आधी माझ्याकडे, मग आमच्या गाडीकडे पाहिलं आणि सांगितलं, मीठ घालून उकडायचे, त्यात काय. नाशिकला मी भाजीवालीला असं विचारलं असतं तर तिने मला चार पाककृती सांगितल्या असत्या. इथे लोक विचारलं तेवढंच सांगतात आणि मग तुमच्याबरोबर गप्प उभे राहतात. मला ते आवडलं.

"वास?" श्रीधरने गाडी सुरू करताना विचारलं.

मी सांगितलं, डिझेल, ओली माती, सुकी मासळी, आणि कुठेतरी भात शिजतोय. तो मान हलवत राहिला.

तलासरी

तलासरीजवळच्या एका पाड्यावर सुनंदाचं घर आहे. श्रीधर तापाने नाशिकच्या दवाखान्यात पडला होता, तेव्हा ती तिथे नर्स होती. तापात तो असंबद्ध बडबडायचा आणि ती प्रत्येक बडबडीला नीट उत्तर द्यायची. आम्ही निघताना म्हणाली होती, कधीतरी आमच्या पाड्यावर या. अशी आमंत्रणं आपण हसून विसरतो. तिने विसरू दिलं नाही. आता ती सुट्टीवर घरी आली होती आणि वाटेत उभीच होती.

हायवेच्या कडेला गुजरातकडची उंबाडियुची दुकानं लागली होती. मडक्यात पापडी, बटाटे, रताळी, कंद भरायचे, तोंडाला रानपाल्याचं बूच मारायचं आणि मडकं उलटं करून विस्तवात ठेवायचं. आम्ही एक पुडा घेतला. तो उघडल्यावर जो वास आला तो मला सांगताच येईना. ओव्याची पानं म्हणाले, मग धूर म्हणाले, मग सोडून दिलं. श्रीधरने रताळं तोंडात ठेवलं आणि गरम आहे, एवढंच म्हणाला.

सुनंदाच्या अंगणात गाडी उभी राहिली. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेलं अंगण, त्याच्यापलीकडे उतरत गेलेली शेतं आणि त्यांच्यावर संध्याकाळचा पिवळा उजेड इतका सावकाश पसरत होता की जणू कुणी त्याला घाई करू नको म्हणून सांगितलं असावं. घरातली माणसं आपापसात त्यांच्या बोलीत बोलत, आमच्याशी मराठीत. दोन्हींच्या मध्ये कधीकधी गुजराती शब्द येऊन बसत. मला निम्मं कळत होतं, आणि न कळणारं निम्मं ऐकायला जास्त गोड वाटत होतं.

श्रीधरने शेगडी मांडली. नळी कॉकला जोडली, साबणाचा फेस करून एकेका जोडावर ब्रशने लावला, बुडबुडा कुठे येतो का ते वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी जवळ जाऊन नाकाने खात्री केली आणि हात वर केला. त्याने काडी ओढली.

ज्योत आली, पण कशी, तर निरांजनाएवढी. निळी, भित्री, बर्नरच्या कडेला चिकटून बसलेली. सुनंदाच्या आईने चहाचं पातेलं हौसेने वर ठेवलं आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो. शेतावरचा उजेड गेला, बगळे परतले, सुनंदाची दवाखान्यातल्या सगळ्यांची खुशाली सांगून झाली, तरी पाण्याला कढ नाही. शेवटी तिच्या आईने बोट लावून पाणी पाहिलं.

"हा जाळ आजारी हाय," ती सुनंदाला म्हणाली. "तूच बघ आता."

नर्सबाईसकट सगळे हसले. आईने पातेलं उचललं, आतल्या चुलीवर ठेवलं आणि चहा लगेच झाला. मीही हसत होते, पण श्रीधर हसत नव्हता. तो शेगडीसमोर उकिडवा बसून नळीकडे बघत होता. मला घाबरवू नये म्हणून त्याने सगळं केलं होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचं हसं झालं होतं. त्या क्षणी मला तो खूप आवडला, आणि गाडी विकायचीच असंही वाटलं. दोन्ही एकदम.

तांदळाची भाकरी आणि उडदाची आमटी जेवताना त्याने कारण सांगितलं. नळीच्या शेगडीकडच्या टोकाला गोल डबीसारखा एक रेग्युलेटर होता, शेगडीबरोबर आलेला. सिलिंडरवर आमच्या गाडीचा रेग्युलेटर होताच. सिलिंडरमधला जोर एकाने कमी केलेला, तो दुसऱ्याने आणखी कमी केला होता. दुसरा काढायला हवा हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याने मुद्दाम ठेवला होता.

"म्हटलं, एक तुझ्या भीतीसाठी आणि एक माझ्या," तो म्हणाला.

सकाळी धुक्यात अंगण नाहीसं झालं होतं. आमची गाडी कापसात ठेवलेल्या काचेच्या भांड्यासारखी दिसत होती. सुनंदा आम्हाला तलासरीच्या बाजारात शेगड्या दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेली. तो आधीच्या गिऱ्हाइकाशी गुजरातीत, आमच्याशी मराठीत आणि फोनवर हिंदीत बोलत होता आणि तिन्ही भाषांत सारखाच कंटाळलेला होता. त्याने नवी नळी कापून दिली, क्लिपा दिल्या, शेगडीला बसेल असा पितळी जोड दिला, आणि जोडात घालायचं रबरी वॉशर वेगळ्या पुडीत बांधून दिलं. जादाचा रेग्युलेटर श्रीधरने रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. मला ते बघून उगीचच कसंतरी झालं.

डहाणू

डहाणूला पोचलो तेव्हा समुद्र जागेवर नव्हता. ओहोटीने तो इतका मागे गेला होता की आकाश आणि चिखल यांच्यामध्ये नुसती एक चकाकती रेघ उरली होती. होड्या चिखलात कलून झोपलेल्या. आम्ही सुरूच्या सावलीत बसून चिकू खाल्ले. आमच्याकडे चिकू म्हणजे फ्रिजमधलं फळ. इथले झाडावरून उतरून, पिकून, दुपारच्या उन्हाने कोमट झालेले होते, आणि त्यांना गुळाचा वास होता. तो वास मी श्रीधरला सांगितला. या वेळी पटकन सांगता आला, आणि तो खूश झाला.

तिथे दुपारभर आम्ही काहीच केलं नाही. समुद्र परत येताना बघणं हे काम असेल तर तेवढं केलं.

चिखले

चिखल्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. किनाऱ्याच्या आत, सुरूच्या झाडांच्या कडेला बांबूचे लांबच लांब मांडव घातलेले आणि त्यांवर बोंबील वाळत होते. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी काठीवर टाकायची, अशी इथली रीत. आमच्याकडे बोंबील येतो तो आठवडी बाजारात, टोपलीत, काडीसारखा कडक. लसूण घालून भाजायचा आणि बाजरीच्या भाकरीशी खायचा. तो ओला असतो, मऊ असतो आणि जोडीने वाळतो हे मला या वयात कळलं.

मांडवाजवळ हिराबाई काम करत होत्या. साठीच्या पुढच्या, कमरेला पदर खोचलेला, हात चालू आणि नजर आमच्या गाडीवर. त्यांचे यजमान होडीवर गेले होते. गाडी इथे उभी करू का विचारलं तर म्हणाल्या, करा की, पण मांडवावर धूळ येऊ देऊ नका. मग थोड्या वेळाने स्वतःच ताटलीत ओले बोंबील घेऊन आल्या. पाटाखाली दाबून पाणी काढलेले, मीठ-हळद लावलेले. दोन माणसांना पुरेत एवढे, म्हणाल्या, आणि परत कामाला गेल्या.

वास काय सांगू. मासळीचा वास तिथे हवेत नव्हता, हवाच त्याची होती. केसांत, कपड्यांत, पाण्याच्या घोटात. पहिला अर्धा तास मी पदर नाकाला लावून होते. श्रीधर मात्र मोठमोठे श्वास घेत फिरत होता आणि या एका बाबतीत तरी आपणच नशीबवान असं म्हणत होता.

समुद्र केशरी होत होता. लाटांचा आवाज इतका एकसारखा की मध्येच तो बंद झाल्यासारखा वाटे. श्रीधरने शेगडी मांडली, नवी नळी जोडली. साबणाची वाटी काढायला वळला आणि थांबला. बोंबील ताटलीत पडले होते, उजेड जात होता, भूक लागली होती.

"फेस कशाला," तो म्हणाला. "तू आहेस ना."

मी फुशारले, खोटं कशाला बोलू. किती दिवस माझं नाक हीच आमच्या घराची राखण होती. त्याने कॉक किंचित सोडला. मी वाकले, शेगडीजवळ, नळीजवळ, जोडाजवळ नाक नेलं. सगळीकडे बोंबील. मी हात वर केला. त्याने कॉक पूर्ण उघडला आणि काडी पेटीवर टेकवली.

"थांबा. काडी ओढू नका."

हिराबाई मांडवाच्या टोकाला उभ्या होत्या, हातात बोंबलांची जोडी तशीच. त्या भराभर जवळ आल्या.

"गॅसचा वास येतोय, बाय. केवढा येतोय."

मी म्हटलं, मला तर नाही येत, इथे मासळीचाच वास एवढा आहे की दुसरं काही कळतच नाही. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी काहीतरी विचित्र बोलले असावे.

"म्हावऱ्याचा?" त्या म्हणाल्या. "तो कुठं येतो?"

श्रीधरने कॉक बंद केला. काडी पेटीत परत ठेवली. साचलेला गॅस वाऱ्याने उडून जाऊ दिला, बराच वेळ. मग फेस करून नव्या पितळी जोडावर लावला, कॉक किंचित सोडला, आणि तिथे बुडबुडे आले. एक फुगून फुटला, मग दुसरा, मग पुष्कळ. वॉशर पुडीतच राहिलं होतं. पुडी त्याच्या शर्टाच्या खिशात होती. शेगडीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, आणि मागे हिराबाईंचं सगळं हंगामाचं काम वाळत होतं.

त्याने खिशातली पुडी काढून तळहातावर धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठरल्याप्रमाणे. परत गेलो की विकू."

मी उठून पाण्याकडे गेले. मला खूप राग आला होता आणि कुणावर ते ठरत नव्हतं. मी घाबरले होते, हे खरं. पण त्याहून जास्त काहीतरी झालं होतं. नाक माझ्या चेहऱ्यावर जागच्या जागी होतं आणि त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं. सगळं ठीक आहे असंच मला वाटत होतं, अगदी शांत वाटत होतं. त्या दिवशी पेपर वाचत बसलेल्या श्रीधरलाही असंच शांत वाटत असणार. मग मला रडू आलं, आणि तिथे समुद्राशिवाय कुणी नव्हतं म्हणून मी रडले.

थोड्या वेळाने हिराबाई हात धुवायला आल्या आणि शेजारी बसल्या. मीच सांगितलं, त्याचा वास गेल्याचं, गाडीचं, अटीचं. लांब पाण्यावर एक-दोन होड्यांचे दिवे दिसायला लागले होते. मी विचारलं, तुमचे यजमान होडीवर असले की तुम्हाला भीती नाही वाटत?

"वाटते की," त्या म्हणाल्या. "पण म्हणून मी होडीत जाऊन बसते काय? होडी ते बघतात. मी म्हावरं बघते."

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, बोंबील जास्त वेळ ठेवू नका, मऊ पडतात.

मी परत आले. श्रीधर नळ्या गुंडाळत होता. मी त्याच्या हातातून नळी घेतली, खाली ठेवली आणि साबणाची वाटी त्याच्या हातात दिली. बुडबुडा बघायला नाक लागत नाही, डोळे लागतात, आणि ते त्याचे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

"मी तिकडे बसते," मी म्हटलं. "तू बघ आणि तू पेटव. मी वळून बघणार नाही."

मी समुद्राकडे तोंड करून बसले. मागे पान्याचा आवाज, वॉशर बसवतानाचं त्याचं नेहमीचं पुटपुटणं, वाटीत ब्रश बुडवल्याचा आवाज, मग खूप शांतता. एकेका जोडाशी तो किती वेळ थांबत होता ते मला पाठीने कळत होतं. वळून बघण्याची इतकी इच्छा मला कधी झाली नव्हती. वाळू मुठीत घेऊन मी बसून राहिले. काडी ओढल्याचा आवाज आला, आणि मग सणसणीत, भरलेल्या ज्योतीचा.

"पेटली," तो म्हणाला.

तांदळाच्या पिठात घोळवून त्याने बोंबील तळले. पाणी संपूर्ण काळं व्हायच्या आत आम्ही जेवायला बसलो. तेलाची चरचर, बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखं काहीतरी. हिराबाईंना पहिली ताटली दिली, त्यांनी एक तुकडा खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

"वास कसा येतोय?" श्रीधरने विचारलं.

"नाही सांगता येत," मी म्हटलं. "आज मला तुझ्याइतकंच कळतंय."

तो कितीतरी वेळ हसत राहिला. मग आम्ही दोघांनी डोळे मिटून, नुसत्या दातांनी आणि जिभेने, बोंबील खाल्ले. इतकं नीट जेवण मी आयुष्यात फार वेळा जेवलेली नाही.

चिखल्याला आम्ही राहणार होतो त्यापेक्षा जास्त राहिलो. सकाळी मी हिराबाईंबरोबर बोंबील जोडीने काठीवर टाकायला शिकले. माझ्या जोड्या वाऱ्याने सुटायच्या आणि त्या पुन्हा अडकवायच्या. शेगडी रोज श्रीधरच लावायचा, फेस करून, आणि मी त्या वेळी मुद्दाम लांब असायचे. निघताना हिराबाईंनी सुक्या बोंबलांची मोठी मोळी दिली. ती आम्ही पलंगाखालच्या खणात ठेवली.

घरी

नाशिकला पोचलो तेव्हा मुलगा दारातच होता. त्याने गाडीसाठी गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, संध्याकाळी दाखवायला घेऊन जाणार होता. मी सांगितलं, गाडी विकायची नाही. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सामान उतरवायला गाडीचं सरकतं दार उघडलं. उघडलं आणि दोन पावलं मागे सरकला, हात नाकावर.

"आई, हा वास कसला?"

श्रीधरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"कसला?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.